डोळ्याला मार लागला आणि मोतीबिंदू झाला : पालकांचे प्रश्न, बालनेत्रतज्ज्ञांची उत्तरं

सुट्ट्या संपून शाळा सुरू झाल्या की माझ्या ओपीडीत एका ठरावीक प्रकारची मुलं येऊ लागतात. सुट्टीत गावी खेळताना एका डोळ्याला काहीतरी लागलेलं असतं. घरी नीट सांगितलेलं नसतं, कारण मारणारा चुलतभाऊच असतो. लाली गेली म्हणून मोठी माणसंही विसरलेली असतात. आणि मग एक दिवस कुणाला तरी त्या डोळ्याची बाहुली पांढुरकी दिसते. यंदा तुमच्या पत्रांतही हाच विषय सर्वांत जास्त आला, म्हणून या महिन्याचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं काढली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. एप्रिलमध्ये मामाच्या गावी विटी उडून त्याच्या उजव्या डोळ्याला लागली. तिथल्या डॉक्टरांनी थेंब दिले, आठ दिवसांत लाली गेली. जूनमध्ये शाळेसाठी फोटो काढला तेव्हा त्या डोळ्यात पांढरं दिसलं. सोलापूरला दाखवलं तर मोतीबिंदू म्हणाले, ऑपरेशन करून भिंग बसवावं लागेल. सासरे म्हणतात, एवढ्या लहान पोराला हात लावू देऊ नका, अठरा वर्षं पूर्ण होऊ देत, दुसरा डोळा चांगला आहेच. मुळात मोतीबिंदू म्हातारपणी होतो ना? सगळे मलाच बोलतात, की तुझं लक्ष नव्हतं. काय करू? (एक आई, बार्शी तालुका)

उत्तर : ताई, अठरा वर्षं थांबायचं नाही. अठरा महिनेही थांबायचं नाही. सासऱ्यांची काळजी मला कळते. लहान मुलाला भूल द्यायची म्हटलं की कुणाच्याही पोटात गोळा येतो. पण या एका बाबतीत थांबणं हाच सर्वांत मोठा धोका आहे. तो का, ते सांगते. सासऱ्यांना वाचून दाखवा.

बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. द्राक्षासारखं समजा : बाहेर पातळ साल, आत मऊ गर. म्हातारपणी हा गर हळूहळू गढूळ होतो. मार लागला की तेच लवकर होतं. काटा, कात्री, तार अशा टोकदार वस्तूने साल फाटली तर डोळ्यातलं पाणी आत शिरतं आणि भिंग काही तासांत किंवा दिवसांत पांढरं पडू शकतं. विटी, चेंडू, दगड अशा बोथट वस्तूचा मार असेल तर साल वरून शाबूत असते, पण धक्क्याने आतली रचना बिघडते आणि गढूळपणा आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही दिसू लागतो. तुमच्या मुलाचं असंच झालेलं दिसतं. लाली गेली तेव्हा बाहेरची सूज गेली होती, आत मात्र भिंग बिघडत होतं. ते घरच्या कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसण्यासारखं नव्हतं. म्हणून तुमच्या लक्ष नसण्याचा इथे काही संबंध नाही. विटी कुणाच्याही डोळ्यादेखत उडते.

आता थांबायचं का नाही, ते. आपण डोळ्याने बघतो, पण बघायला शिकतो मेंदू. हे शिकणं जन्मापासून साधारण सात-आठ वर्षांपर्यंत जोरात चालू असतं. या काळात एका डोळ्याकडून धूसर चित्र येत राहिलं, तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणं सोडून देतो. याला आम्ही आळशी डोळा म्हणतो. अठराव्या वर्षी कितीही उत्तम ऑपरेशन केलं आणि भिंग काचेसारखं स्वच्छ बसवलं, तरी त्या डोळ्याने त्याला नीट दिसणार नाही, कारण मेंदू ती वाट विसरलेला असेल. शिवाय न दिसणारा डोळा हळूहळू तिरळा होत जातो. तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, म्हणजे वेळ अजून हातात आहे. पण फार नाही. या महिन्यातच तारीख घ्या.

प्रत्येक मोतीबिंदू काढावाच लागतो असंही नाही. कडेला छोटासा पांढरा ठिपका असेल, बाहुलीचा मध्य मोकळा असेल आणि नजर चांगली असेल, तर आम्ही नुसतं लक्ष ठेवतो. तुमच्या मुलाचा मात्र फोटोत दिसण्याइतका आहे.

कुठे करायचं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. मोठ्या माणसांच्या मोतीबिंदूच्या शिबिरात हे ऑपरेशन होत नाही. मुलाला पूर्ण भूल लागते, म्हणजे लहान मुलांना भूल देण्याचा सराव असलेले डॉक्टर हवेत. डोळ्याच्या मागच्या भागातला जेलीसारखा द्रव कापून काढणारं व्हिट्रेक्टॉमीचं यंत्र हवं. लहान मुलांचे डोळे बघणारा स्वतंत्र विभाग असेल तर उत्तम. पुण्यात ससून किंवा हडपसरचं देसाई नेत्र रुग्णालय, मुंबईत जे. जे. ही तुमच्या बाजूच्या लोकांना माहीत असलेली ठिकाणं आहेत. खर्चाची चिंता असेल तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, बिल झाल्यावर नको.

ऑपरेशनआधी डोळ्याची सोनोग्राफी करतील. भिंग पांढरं असलं की डॉक्टरांना मागचा पडदा दिसत नाही, आणि बोथट माराने पडद्यालाही इजा झालेली असू शकते. डोळ्याचा दाबही मोजतील. शेवटी नजर किती येईल, हे मोतीबिंदूपेक्षा पडद्यावर आणि बुबुळावर राहिलेल्या व्रणावर जास्त अवलंबून असतं. म्हणून डॉक्टर आधी ठाम आश्वासन देत नसतील, तर त्यांच्यावर नाराज होऊ नका. ते खरं बोलत आहेत.

आणखी एक. काय लागलं, ते डॉक्टरांना खरं सांगा. पोलिसांत नोंद होईल, नात्यात वाकडं येईल, म्हणून पुष्कळ घरांत 'पडला' एवढंच सांगतात. आम्हाला कुणी मारलं त्यापेक्षा कशाने लागलं हे हवं असतं. हातोडीचा उडालेला लोखंडाचा कण डोळ्यात राहिला तर तो आत गंजून पडदा खराब करतो आणि अशा मुलाचा एमआरआय चालत नाही. लाकडाच्या जखमेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. उपचार त्यानुसार बदलतात.

भिंगाबद्दल तुमच्या घरात भीती आहे, की प्लास्टिक डोळ्यात आयुष्यभर टिकेल का. या भिंगाचा शोधच मुळी डोळ्याच्या जखमांतून लागला. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत ॲक्रिलिकचे कण घुसले होते. इंग्लंडचे नेत्रशल्यचिकित्सक हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, की हे कण डोळ्यात असूनही डोळा सुजत नाही. त्यावरून त्यांनी १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात एका रुग्णाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आज सहा वर्षांच्या मुलाला भिंग बसवणं हा नेहमीचा उपचार आहे.

फक्त नंबर ठरवणं मोठ्यांपेक्षा अवघड असतं. जन्मतः बुबुळापासून पडद्यापर्यंतची लांबी साधारण १७ मिलिमीटर असते, मोठेपणी २३-२४ होते. त्यातली बरीचशी वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांतच होते, पण सहाव्या वर्षीही थोडी बाकी असते. म्हणून आम्ही मुद्दाम थोड्या कमी ताकदीचं भिंग बसवतो आणि उरलेला नंबर चष्म्यात देतो. जखमेमुळे त्या डोळ्याचं माप नीट मिळालं नाही, तर चांगल्या डोळ्याचं माप आधाराला घेतो. हे भिंग जवळचं-दूरचं आपोआप बदलत नाही, त्यामुळे मुलाला दोन भागांचा, वाचायच्या नंबरसह चष्मा लागेल. 'ऑपरेशन करूनही चष्मा लागला' असं म्हणत लोक येतील. त्यांना सांगा, की आधीच ठरलं होतं.

लहान मुलांत भिंगाच्या मागची साल पुन्हा हमखास गढूळ होते. म्हणून या वयात ऑपरेशनच्या वेळीच तिला मध्यभागी गोल छिद्र पाडतात. तुमच्या डॉक्टरांना हे करणार का, असं मोकळेपणाने विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची. जानेवारीत कात्रीचं टोक तिच्या डाव्या डोळ्यात गेलं. बुबुळाला टाके घातले, नंतर मोतीबिंदू काढून भिंग बसवलं. आता डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी लावायला सांगितली आहे. ती रडते, पट्टी ओढून काढते. माझी आई म्हणते, दिसतोय तोच डोळा बंद करून पोरीला छळताय. पट्टी सोडली तर चालेल का? ऑपरेशन तर यशस्वी झालंय. (एक वडील, चिपळूण)

उत्तर : नाही, चालणार नाही. आणि तुमच्या मुलीच्या वयात हे वाक्य मी कितीही जोरात म्हटलं तरी कमीच आहे.

ऑपरेशन यशस्वी झालं याचा अर्थ प्रकाशाची वाट मोकळी झाली. त्या वाटेने बघायची सवय मेंदूला अजून लागायची आहे. चांगला डोळा उघडा असेपर्यंत मेंदू त्यालाच विचारणार. म्हणून रोज काही तास चांगला डोळा झाकून दुखावलेल्या डोळ्याकडून काम करून घ्यायचं. मी ऑपरेशनला दीड तास देते, पण नजर परत आणण्याचं खरं काम तुम्ही घरी रोज करता. ऑपरेशन उत्तम झालेली आणि पट्टी सोडल्यामुळे त्या डोळ्याने फक्त बोटं मोजता येणारी मुलं मी बघितली आहेत. त्यांच्या आई-वडिलांपुढे मला काय बोलावं ते सुचत नाही.

पहिला आठवडा ती रडणारच. तिला खरोखर कमी दिसतंय, म्हणून तिची चिडचिड खोटी नाही. चार तास सलग हवेतच असं नसतं. डॉक्टरांना विचारून सकाळी दीड तास, दुपारी दीड, संध्याकाळी एक असे तुकडे करा. सुरुवातीला घरातच लावा, कारण पायरी चुकून पडू शकते. त्या वेळात तिला डोळ्याचं काम द्या : मणी ओवणं, तांदळातून खडे वेचणं, रंगवणं, चित्रांचं पुस्तक, कॅरम. नुसतं झोपून राहिली तर ते तास वाया गेले. आवडीचं कार्टून फक्त पट्टीच्या वेळातच, असा नियम केला तर ती स्वतःच पट्टी मागू लागेल, असा माझा अनुभव आहे.

पट्टी त्वचेवर चिकटणारी घ्या आणि चष्मा तिच्यावर घाला. चष्म्याच्या काचेवर रुमाल बांधला तर मुलं कडेने बघतात आणि ते तुम्हाला कळतही नाही. काढताना ओल्या कापसाने भिजवून काढा, ओढू नका. रात्री तिथे थोडं खोबरेल लावा, सकाळी धुऊन पुसा, नाहीतर पट्टी चिकटत नाही. कातडी फारच लाल होत असेल तर डॉक्टरांना सांगा, काही मुलांत पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात नजर तात्पुरती धूसर करणारे थेंब वापरता येतात. ते मनाने आणू नका. पट्टीचे तासही मनाने वाढवू नका, कारण अतिरेक झाला तर चांगला डोळाच मागे पडतो. ठरलेल्या तारखेला दोन्ही डोळे तपासून घ्या.

आजींना दवाखान्यात घेऊन या. मी नेहमी आज्यांनाच तक्ता वाचताना समोर बसवते. चांगला डोळा झाकून नात कुठल्या ओळीपर्यंत वाचते, हे त्यांनी दोन-तीन महिन्यांच्या अंतराने स्वतः बघितलं, की घरातली सर्वांत कडक पट्टीवाली आजीच होते.

बुबुळाचे टाके काढलेत का, तेही विचारा. मुलांमध्ये जखम लवकर भरते आणि टाके राहिले तर बुबुळाचा गोलपणा बिघडून तिरका नंबर येतो. टाके काढल्यावर चष्म्याचा नंबर बदलतो, तेव्हा काच लगेच बदलून घ्या. जुन्या नंबरची काच घालून पट्टी लावण्यात तिची मेहनत फुकट जाते. आणि स्टेरॉइडचे थेंब चालू असतील तर ते डॉक्टर सांगतील तसेच हळूहळू कमी करा, मध्येच बंद करू नका. मुलांच्या डोळ्यात ऑपरेशननंतर सूज मोठ्यांपेक्षा जास्त येते.

प्रश्न : शेतात नातवाच्या डोळ्यात बाभळीचा काटा गेला. शेजारणीने दूध घाला म्हटलं, कुणी तूप सांगितलं, मी पाण्याने धुतला. तालुक्याला नेला, आता बरा आहे. पण अशा वेळी नेमकं काय करावं? (एक आजोबा, गेवराई)

उत्तर : आजोबा, तुम्ही लगेच तालुक्याला नेलंत, सर्वांत महत्त्वाचं तेच होतं.

काटा, तार, कात्री, काच अशा टोकदार वस्तूने लागलं असेल तर डोळा धुवायचा नाही, चोळायचा नाही, दाबायचा नाही. काही रुतलं असेल तर ओढून काढायचं नाही, कारण त्या वस्तूनेच जखम बुजलेली असते. दूध, तूप, मध, कुठला रस, काही नाही. घरात उरलेले थेंबही नाहीत. कागदी पेला अर्धा कापून डोळ्यासमोर पालथा धरा, त्याची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकू द्या आणि वरून चिकटपट्टी लावा. डोळ्यावर दाब पडता कामा नये. मूल ओकणार नाही अशा बेताने बसवून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. भूल द्यावी लागेल, तेव्हा वाटेत बिस्किट-चहा देऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते सांगा. अशी जखम शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी शिवलेली बरी.

न धुण्याच्या या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि आपल्याकडे तो फार घडतो : तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब. मुलं ती दाबतात आणि चुना डोळ्यात उडतो. त्या क्षणी, जिथे असाल तिथे, पापण्या उघड्या धरून साध्या स्वच्छ पाण्याने अर्धा तास धुवत राहा. पापणीखाली अडकलेले चुन्याचे कणही निघाले पाहिजेत. मग दवाखाना. चुना बुबुळ जाळत जातो, तिथे वाट बघायला वेळ नसतो. आजोबा, तुमच्या खिशात चुना असेल तर नातवाच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, ही माझी हात जोडून विनंती.

प्रश्न : मी धडगाव भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमची मुलं धनुष्यबाण, गलोल, काठ्या यांच्याशी खेळतच वाढतात. डोळ्याला लागलेलं मूल घरी सांगत नाही. वर्गात कसं ओळखावं? (एक शिक्षिका)

उत्तर : बाई, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. तुमच्या शेजारच्या गुजरातमधल्या दाहोद भागात अशा मुलांवर बरंच काम झालं आहे आणि तिथे डोळ्याला लागणाऱ्या वस्तूंमध्ये लाकडी काठीच पुढे दिसते. खेळ बंद करा असं मी म्हणणार नाही. ते खेळ मुलांच्या घरचे आहेत. बाणाच्या टोकाला कापडाचा जाड गोळा बांधायचा आणि तोंडाच्या दिशेने नेम धरायचा नाही, एवढं पाळलं गेलं तरी पुष्कळ.

एक डोळा गेलेलं मूल ओळखणं अवघड असतं, कारण ते दुसऱ्या डोळ्याने धावतं, वाचतं, सगळं करतं. म्हणून दोन्ही डोळे एकत्र तपासून काही कळत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला एक डोळा तळहाताने झाकायला सांगा, बोटांच्या फटीतून बघू देऊ नका, आणि फळ्यावरची अक्षरं वाचायला लावा. मग दुसरा झाका. चांगला डोळा झाकल्यावर मूल मान वाकडी करतं, चिडतं किंवा हात काढू बघतं. तेवढं पुरे. बाहुली पांढुरकी दिसणं, एक डोळा बाहेर वळणं, उन्हात एकच डोळा मिटणं, याही खुणा आहेत. लागल्याचं काही आठवत नसताना बाहुली पांढरी दिसली तर मात्र त्याच आठवड्यात पाठवा, कारण लहान मुलांत डोळ्याचा कर्करोगही असाच दिसतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, अंगणवाडीत दोनदा. ते येईपर्यंत थांबू नका, पण आलं की तुमची यादी त्यांच्या हातात द्या. पुढे पाठवण्याची व्यवस्था त्यांच्याकडे असते. आणि ज्या मुलाने मारलं त्याला वर्गात उभं करू नका. एकाला शिक्षा झाली की पुढचे दहा जण लपवतात.

प्रश्न : मी चौदा वर्षांची आहे. आठ वर्षांची असताना फटाक्याने डोळ्याला लागून मोतीबिंदू झाला होता, भिंग बसवलंय. चष्म्याने बऱ्यापैकी दिसतं. मला कबड्डी खेळायची आहे, घरचे नको म्हणतात. भिंग कधी बदलावं लागेल का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : तुझ्या पत्रातलं अक्षर फार सुंदर आहे. भिंग सहसा आयुष्यभर राहतं, मुदत संपली म्हणून बदलत नाहीत. मागची साल गढूळ झाली तर नजर हळूहळू धूसर होते, तेव्हा लेझरने काही मिनिटांत वाट मोकळी करता येते. तुझ्या वयात बसल्या बसल्या होतं, भूल लागत नाही.

मार लागलेल्या डोळ्यात दाब पुष्कळ वर्षांनीही वाढू शकतो आणि तो वाढताना दुखत नाही. म्हणून वर्षातून एकदा दाब आणि पडदा तपासून घ्यायचा, पुढे कॉलेजला गेलीस, नोकरीला लागलीस तरीही. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके उडायला लागले, विजेसारखी चमक दिसली किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. परीक्षा असली तरी.

कबड्डीचं. पकडीत कोपर, गुडघा, डोकं थेट चेहऱ्यावर येतं, म्हणून घरच्यांची भीती रास्त आहे. तुला लागलेला डोळा आणि चांगला डोळा, दोन्ही जपायचे आहेत. पडदा कसा आहे हे तुझ्या डॉक्टरांनी बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. त्यांनी हरकत नाही म्हटलं, तर पॉलिकार्बोनेटच्या काचा असलेला, मागून पट्टा असलेला खेळाचा चष्मा नंबरसह करून घे. साधा चष्मा फुटून आणखी इजा करतो. असा चष्मा घालून कबड्डीच्या सामन्यात उतरू देतात का, हे तुमच्या क्रीडाशिक्षकांना आधी विचार. नाही म्हणाले तर धावणं, लांब उडी, खो-खो यांचा विचार कर. खो-खोतही चष्मा घालूनच. आणि दिवाळीत फटाके उडवणाऱ्यांच्या जवळ उभी राहू नकोस, चष्मा असला तरी.